पाडा पिवळ्यात आला म्हणून सुटला का? दरडप्रवण नकाशाबद्दल सविस्तर उत्तर

प्रश्न त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या तरुणाचा आहे. भूगोलात एम.ए. झालंय, क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर हाताखालचं आहे. ३० मीटर बाजूच्या चौकोनांचा उंचीचा डेटा, उतार, खडक, जमीनवापर, ओढ्यापासूनचं आणि रस्त्यापासूनचं अंतर असे थर घेऊन, त्यांना एएचपी पद्धतीने, म्हणजे दोन-दोन थरांची तुलना करून, आपल्या अंदाजाने वजनं देऊन त्यांनी तालुक्याचा दरडप्रवण नकाशा केला. त्यात कडा लालभडक दिसतो आणि कड्याखालचा त्यांचा पाडा पिवळा, म्हणजे ‘मध्यम’. आता हा नकाशा ग्रामसभेत लावायचा आहे. त्यांनी विचारलंय, “पिवळा म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही, असं सांगू ना?”

नका सांगू. तुमचं गणित बरोबर असेलही, पण तो नकाशा फक्त एवढंच बोलतो की उतार कुठे सुटण्याची शक्यता जास्त. ग्रामसभेला हवंय ते वेगळंच: वर काही सुटलं तर ते आमच्या दारापर्यंत येईल का? या दुसऱ्या प्रश्नाचा थर तुमच्या नकाशात नाहीच. सहा-सात थरांतला एकही थर ‘माझ्या डोक्यावर काय आहे’ हे सांगत नाही. प्रत्येक चौकोन फक्त स्वतःच्या पायाखालचं बोलतो.

इर्शाळवाडी आठवा. १९ जुलै २०२३ च्या रात्री वाडी झोपेत असताना दरड वरून आली. दरडप्रवण गावांच्या यादीत त्या वाडीचं नाव नव्हतं, हे नंतर विधिमंडळात सांगितलं गेलं. तळिये २२ जुलै २०२१, माळीण ३० जुलै २०१४. माळीणमध्ये दीडशेवर माणसं गेली. तारखा बघा, सगळ्या जुलैच्या उत्तरार्धातल्या. जूनपासूनच्या पावसाने माती पोटभर प्यालेली असते आणि त्यावर दोन-तीन दिवसांची झड बसते. पावसाकडे पुढे येतोच, आधी आपला डोंगर समजून घेऊ.

ब्रह्मगिरी, अंजनेरी, हरिहर, कुठलाही डोंगर लांबून बघितला तर तो पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक भाकऱ्यांच्या चवडीसारखे साचले. घट्ट काळ्या कातळाचा थर झिजत नाही, त्याचा कडा होतो. सच्छिद्र, पोकळ्यांत पांढरे खडे भरलेला थर लवकर कुजतो, त्याचा मुरूम होतो आणि तिथे पदर किंवा माची तयार होते. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे गेरूसारखी तांबडी चिकणमाती असते. पठारावर पडलेलं पाणी कातळाच्या भेगांतून खाली उतरतं, अशा घट्ट थराला अडतं, आडवं वाहतं आणि कड्याच्या पायथ्याला झरा होऊन बाहेर पडतं. आणि नेमकं तिथेच, कड्याच्या पायथ्याशी, हजारो वर्षांत वरून पडलेल्या दगड-मुरूम-मातीचा घसारा साचलेला असतो. त्याच्या खाली गुळगुळीत कातळ, आतून झऱ्याचं पाणी, वरून पाऊस.

माझ्या मते सह्याद्रीतल्या वस्त्यांना खरा धोका या घसाऱ्याचा आहे, कड्याचा नव्हे. घसाऱ्याचा उतार २० ते ३५ अंशांच्या आसपास असतो, कड्याचा सत्तर-ऐंशी. उताराला सर्वांत जास्त वजन दिलंत की कडा लाल होणार आणि घसारा पिवळा-केशरी राहणार. असे नकाशे करण्याच्या भारतीय मानक १४४९६ चा दुसरा भाग (१९९८) बघितलात तर त्यातही ४५ अंशांवरच्या उताराला पूर्ण २ गुण आणि १६ ते २५ अंशांना ०.८ आहेत; एकूण गुण १०, साडेसातच्या वर गेलं की ‘अति उच्च’. ही पद्धत मुळात हिमालयातल्या अनुभवावर बेतलेली आहे. तिथे खडकांचे थर कललेले, म्हणून थराचा कल आणि डोंगराचा उतार एका दिशेला आहेत का याला तिने २ गुण ठेवलेत. आपले थर जवळजवळ आडवे. ते २ गुण नाशिक जिल्ह्यात फारसं काही वेगळं करून दाखवत नाहीत, आणि तांबड्या मातीच्या थराला, झऱ्यांच्या रेषेला मात्र त्यात पुरेशी जागा नाही. म्हणून आपल्याकडे काम करताना एक थर हाताने घालावा लागतो: कड्याच्या पायथ्याची रेघ आणि त्याखालचा घसाऱ्याचा पट्टा. गूगल अर्थवर बसून एका तालुक्याचा हा पट्टा काढायला वेळ जातो, पण बाकीच्या सगळ्या थरांपेक्षा तो जास्त उपयोगी पडतो.

कड्यावरून दगड सुटतात ते प्रकरण वेगळं. सप्तशृंगी गडावर कड्याला जाळ्या लावाव्या लागल्या त्या त्यासाठी. सुटा दगड आणि पाण्याने भरलेला घसारा एकाच रंगात दाखवू नका. दोन नकाशे करा. उपाय वेगळे, अंतरं वेगळी, वेळही वेगळी. दगड भर उन्हाळ्यातही पडतो.

आता डेटाबद्दल. ३० मीटरच्या चौकोनात काय हरवतं याचा हिशोब एकदा करून बघा. समजा ३० मीटर उंचीचा सरळसोट कडा आहे, खाली आणि वर सपाटी. क्यूजीआयएस उतार काढताना शेजारच्या दोन चौकोनांमधला फरक घेतं, म्हणजे ६० मीटरच्या अंतरात ३० मीटरची चढण. उत्तर येतं सुमारे २७ अंश. उभा कडा तुमच्या नकाशात मध्यम उतार झाला. रस्त्यासाठी कापलेली दहा-पंधरा मीटरची भिंत तर दिसतच नाही. आणि १२.५ मीटरचा म्हणून अ‍ॅलॉस पाल्सार या जपानी उपग्रहाच्या रडारचित्रांसोबत जो उंचीचा डेटा मिळतो, तो आपल्या भागात एसआरटीएम, म्हणजे अमेरिकेच्या अंतराळयानाने घेतलेला जुना डेटाच बारीक कापून दिलेला असतो. चौकोन लहान झाले, माहिती तेवढीच. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरचा कार्टोसॅटचा किंवा युरोपच्या कोपर्निकसचा ३० मीटर डेटा घ्या, पण त्यातून घराघराचा निर्णय काढू नका. एक किरकोळ गोष्ट, पण दर वर्षी कोणीतरी अडकतं: उतार काढण्याआधी थर यूटीएम ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात आणा. अक्षांश-रेखांशात ठेवून काढलात तर सपाट निफाडही ८९ अंशांवर उभं राहील.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशभरातल्या डोंगराळ भागाचे दरडप्रवणतेचे नकाशे १:५०,००० प्रमाणावर केले आहेत आणि ते भूकोश संकेतस्थळावर बघता येतात. आधी ते बघा, तुमच्याशी ताडून पाहा. पण प्रमाण लक्षात ठेवा: १ मिलिमीटर म्हणजे ५० मीटर. तुमचा अख्खा पाडा त्या नकाशावर तांदळाच्या दाण्याएवढाही भरत नाही. तो नकाशा तालुक्यात कुठे आधी जायचं हे सांगण्यासाठी आहे आणि तेवढ्यासाठी चांगला आहे.

जुन्या दरडींची नोंद, म्हणजे कुठे कुठे खरंच सुटलं होतं त्याची यादी, ही नकाशाची जान. तुमच्या प्रश्नात तिचा उल्लेख नाही. एएचपीत ती नसली तरी नकाशा तयार होतो, हीच त्या पद्धतीची गोची आहे. वजनं आपणच द्यायची आणि निकाल आला की आपणच खूश व्हायचं. यादी करताना पावसाळ्यातली सेंटिनेल उपग्रहाची चित्रं सोडून द्या, ढगच दिसतात. दिवाळीनंतरचं चित्र घ्या आणि मागच्या दिवाळीनंतरच्या चित्राशी जोडून बघा. गवत वाढलेल्या उतारावर तांबूस ओरखडा चटकन उठून दिसतो. एप्रिल-मे मधलं चित्र घेतलंत तर फसाल. आपल्याकडे तेव्हा राब भाजलेले असतात, वणवे लागून गेलेले असतात, मुरमाच्या खाणी उघड्या असतात; संगणकाला हे सगळं दरडीसारखंच वाटतं. शिवाय एक-दोन पावसाळ्यांत ओरखड्यावर गवत परत येतं. म्हणून गूगल अर्थवर वर्ष मागे मागे नेत बघायचं, आणि पाड्यावरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारायचं. ‘दरड कोसळली होती का’ असं विचारलंत तर ‘नाही’ येईल. ‘कुठलं वावर खचलं, कुठली वाट बदलावी लागली, कुठे भेग पडली’ असं विचारा. उत्तरं बदलतात.

यादीत आणखी एक खोट लपलेली असते. बहुतेक नोंदी रस्त्याकडेच्या असतात, कारण रस्ता अडला की बातमी होते. कसारा घाटात रुळावर चार दगड आले तरी सगळ्यांना कळतं. हरिहरच्या मागच्या घळीत अर्धा उतार खाली आला तरी गुराख्याशिवाय कोणाला पत्ता नाही. अशा यादीवर संगणकाला शिकवलंत की तो ‘रस्त्याजवळ धोका’ एवढंच शिकतो.

रँडम फॉरेस्टसारखं, जुन्या नोंदींवरून संगणकाला शिकवणारं काही वापरणार असाल तर अचूकतेच्या आकड्याने हुरळू नका. जिल्ह्याचा पूर्ण नकाशा घेऊन, दरड नसलेले बिंदू कुठूनही उचलले की त्यातले निम्मे येवला, निफाड, सिन्नरच्या सपाटीवर पडतात. ‘येवल्यात दरड येत नाही’ हे ओळखायला संगणक कशाला हवा? पण आकडा मात्र १ पैकी ०.९५ येतो आणि अहवाल देखणा दिसतो. दरड नसलेले बिंदू डोंगरातूनच घ्या, शक्यतो त्याच प्रकारच्या उतारांवरून, आणि तपासणीसाठी एक सबंध खोरं बाजूला ठेवा. इगतपुरीवर शिकवा, सुरगाण्यावर तपासा. आकडा खाली येईल. तोच खरा आकडा.

आता मूळ मुद्दा, वरून सुटलेलं कुठवर येतं. यासाठी एक जुनी आणि सोपी पद्धत आहे. दरड जिथून सुटू शकते त्या जागेच्या माथ्यापासून ती जिथवर पोचते त्या टोकापर्यंत सरळ रेघ ओढली, तर ती जमिनीशी एक कोन करते. कोरडा, लहान घसारा २५ अंशांच्या आसपास थांबतो असं धरता येतं. पाणी भरलेला २० अंशांच्या खाली सहज जातो. चिखल-दगडांचा लोंढा १५ अंशांच्याही खाली. उदाहरणादाखल, झऱ्यांची रेघ तुमच्या पाड्याच्या १८० मीटर वर आहे आणि आडवं अंतर ४२० मीटर आहे असं धरू. २५ अंशांनी हिशोब केला तर पोच ३८५ मीटर, पाडा सुटला. २० अंशांनी ४९५ मीटर, पाडा आत. १५ अंशांनी ६७० मीटर, पाड्याखालची शाळाही आत. नकाशावर कड्याच्या पायथ्यापासून या तीन रेघा काढा. पिवळ्या रंगाचं काय झालं ते लगेच कळेल.

यासाठी संगणकही लागत नाही. पाड्याच्या सर्वांत खालच्या घराच्या ओट्यावर उभे राहा, मोबाइलमधलं कोन मोजणारं अ‍ॅप उघडा आणि घसाऱ्याच्या माथ्यावर, जिथे तो कड्याला टेकतो तिथे, नेम धरा. जो कोन येतो तोच हा कोन. मग प्रत्येक घराच्या ओट्यावरून मोजा आणि वहीत लिहा. २५ च्या वर आलेली घरं पहिल्या पानावर, २० ते २५ ची दुसऱ्या. सुट्या दगडासाठी कड्याच्या माथ्याऐवजी घसाऱ्याच्या त्याच वरच्या टोकापासून २७-२८ अंशांची रेघ साधारण धरतात, पण इथे पुरावा शेतातच पडलेला असतो: कड्याचे धारदार कोपऱ्यांचे धोंडे सर्वांत लांब कुठल्या वावरात आहेत ते शोधा. बांधाला लावलेले नव्हे, अर्धे जमिनीत रुतलेले.

घळ असेल तर हे सगळे कोन बाजूला ठेवा. लोंढा एकदा घळीत शिरला की कोन विसरतो. ३० जुलै २०२४ ला वायनाडमध्ये सुटलेला लोंढा इस्रोच्या उपग्रहचित्रांनुसार सुमारे ८ किलोमीटर गेला. तिथला खडक, तिथली मातीची जाडी वेगळी, म्हणून आपल्याकडे ८ किलोमीटर होईल असं म्हणत नाही. पण घळीच्या तोंडाशी पंख्यासारखी पसरलेली जमीन दिसली तर ती अशाच लोंढ्यांनी बनवलेली आहे, एवढं नक्की. आणि गंमत अशी की पाडे बसतात ते बरेचदा याच जमिनीवर. सपाट, माती खोल, वर बारमाही झरा. आजोबांनी जागा अगदी शहाणपणाने निवडली होती, फक्त ती जागा तयार कशी झाली हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

यानंतर नकाशा बंद करून वर चढायचं. एकदा दिवाळीनंतर गवत कापलं की, आणि एकदा जुलैत दोन दिवस उघडीप मिळाली की. जोराचा पाऊस चालू असताना अजिबात नको. घसाऱ्याच्या माथ्यावरून कड्याला समांतर चाला. चंद्रकोरीसारखी, टोकं खाली वळलेली भेग दिसते का? उन्हाळ्यात काळ्या मातीला पडतात त्या भेगा जाळीसारख्या असतात, त्या सोडा. कोरीच्या वरच्या बाजूपेक्षा खालची बाजू बोटभर जरी खचली असेल तर ती भेग मोठी गोष्ट आहे. तिच्या दोन्ही काठांवर एकेक लोखंडी खुंटी ठोका, टेपने अंतर घ्या, तारीख घाला. पावसाळ्यात दर आठवड्याला एकाने जाऊन मोजायचं. अंतर वाढतंय आणि वाढण्याचा वेगही वाढतोय, तर महिनाअखेरच्या सभेची वाट बघायची नाही. झाडं बघा: बुंधा बुडाशी वाकून वर सरळ झालेला असेल तर जमीन हळूहळू सरकतेय, सगळी झाडं अलीकडेच एका बाजूला कललेली असतील तर सरकणं ताजं आहे. झरे नकाशावर टिपा. एरवी स्वच्छ असणारा झरा गढूळ झाला, भर पावसात अचानक आटला, किंवा नव्या जागी पाणी फुटलं, तर आत काहीतरी बदललंय. पाड्यावर दारं अडकायला लागली, ओट्याला तडा गेला, हेही त्याच वहीत.

माणसाने काय केलंय तेही टिपा. घसाऱ्याचा पायथा कापून काढलेला रस्ता, मुरमासाठी खणलेलं, वावर सपाट करताना जेसीबीने ओढलेली माती, मोरी बुजल्यामुळे उतारावर सोडलेलं पाणी. आणि सलग समतल चर, म्हणजे पाणी मुरवायला उताराला आडवे खणलेले चर. हे लिहिलं की जलसंधारणातली मंडळी रागावतात, पण कडा डोक्यावर, घर पायाशी आणि मध्ये जाड घसारा, अशा जागी चर खणून पाणी मुरवणं मला मान्य नाही. माळरानावर चर हवेतच. इथे मात्र पाणी मुरवायचं नाही, गटारीने बाजूला काढायचं.

पावसाचं. जगभर वापरलं जाणारं १९८० चं एक सूत्र आहे, त्याने २४ तासांसाठी सुमारे १०३ मिलिमीटर हा दरडी सुटू लागण्याचा उंबरठा येतो. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे एवढा पाऊस एका मोसमात कित्येकदा होतो. तो उंबरठा लावून बसलात तर पाडा दर आठवड्याला रिकामा करावा लागेल आणि तिसऱ्या वेळी कोणी उठणार नाही. हवामान विभागाच्या वर्गवारीत २०४.५ मिलिमीटरच्या पुढे ‘अत्यंत मुसळधार’. तो आकडा इशारा म्हणून बरा, पण एकटा पुरत नाही. मागच्या दहा-पंधरा दिवसांची बेरीज सोबत बघा. शाळेत साधं पर्जन्यमापक बसवा आणि रोज सकाळी साडेआठला नोंद ठेवा, कारण महसूल मंडळातलं पर्जन्यमापक डोंगराच्या पलीकडच्या बाजूला असेल तर त्याच्या आणि तुमच्या पावसात बराच फरक पडतो.

ग्रामसभेत लावायचा नकाशा मग वेगळाच होतो. तालुक्याचा नको, पाड्याचाच, उपग्रहचित्रावर घरं ओळखू येतील एवढा मोठा. त्यावर कड्याच्या पायथ्याची रेघ, झरे, भेगा आणि खुंट्या, घळी, तीन कोनांच्या रेघा. रंग फार नकोत. प्रत्येक घराला क्रमांक. रात्री निघायचं झालं तर कुठल्या वाटेने, आणि ती वाट घळ ओलांडते का. ओलांडत असेल तर ती वाट बाद. थांबायचं ठिकाण शाळा ठरवाल, तर शाळा १५ अंशांच्या रेघेच्या बाहेर आहे का ते आधी बघा, आपल्या उदाहरणात ती आतच निघाली होती. कोणाच्या सांगण्यावरून निघायचं, त्या माणसाचं नाव सभेतच ठरवा. तहसीलदारांचा फोन लागेपर्यंत थांबायचं, असं ठरवू नका.

ठराव करून नकाशा, घरांचे कोन आणि भेगांच्या नोंदी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे द्या आणि भूवैज्ञानिकांकडून जागेची पाहणी मागा. ‘आमचा पाडा धोक्यात आहे’ असं लिहिलेले अर्ज ढिगाने येतात. ‘या भेगेच्या खुंट्यांमधलं अंतर या तारखेपासून या तारखेपर्यंत इतकं वाढलं’ असा अर्ज क्वचितच येतो, आणि त्यावर कोणाला तरी यावंच लागतं. पाहणीनंतर पुनर्वसनाची जागा सुचवली गेली तर मोबाइल घेऊन तिथेही जा आणि तिथूनही वरचा कोन मोजा. जागा भरावावर आहे की मूळ जमिनीवर, भराव असेल तर त्याखालून पूर्वी ओहळ वाहत होता का, हे पाड्यावरच्या लोकांनीच तपासायचं. माळीणचं नवं गाव २०१७ मध्ये ताब्यात दिलं आणि त्याच वर्षीच्या पहिल्या पावसात तिथले रस्ते आणि भराव खचले होते.